लेकरू ब्लॉग लिहायला लागलं की

मुलानं ब्लॉग सुरू केल्याचं सांगितल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पालक काय बोलतात, त्यावर दुसरी पोस्ट तुम्हाला दाखवली जाणार की लपवली जाणार हे बरंचसं ठरतं. ‘अभ्यास झाला का?’, ‘हे कुणीही वाचू शकतं?’, ‘शुद्धलेखन बघ जरा!’ या तिन्ही गोष्टी बोलायच्याच आहेत, पण त्यांना दोन दिवस थांबता येतं. त्या दिवशी करायचं काम एवढंच: ब्लॉग उघडा, पोस्ट पूर्ण वाचा आणि मजकुरातल्या एखाद्या नेमक्या गोष्टीबद्दल काहीतरी विचारा. ‘छान लिहिलंयस’ एवढ्यानं मुलाला काही कळत नाही. ‘त्या मांजरीनं तीन पिल्लं माळ्यावर नेली असं लिहिलंयस, मग चौथ्याचं काय झालं?’ असं विचारलंत की आपलं खरंच वाचलं गेलंय हे त्याला कळतं.

पुढचं सगळं एका वाटणीवर उभं आहे. मजकूर मुलाचा, आणि ओळखीची माहिती बाहेर जाऊ नये याची राखण तुमची. विषय, मतं, विनोद, अगदी ऱ्हस्व-दीर्घसुद्धा मुलाच्या ताब्यात. नाव, शाळा, पत्ता, फोटो, खात्याची सुरक्षितता आणि अनोळखी लोकांशी येणारा संबंध तुमच्या ताब्यात. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. आईबाबा व्याकरण तपासत बसतात आणि फोटोतला गणवेश कुणाच्या लक्षात येत नाही.

त्या दिवशी काय करू नये

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकू नका. कौतुक म्हणून टाकलेली लिंक काकांकडून त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवर, तिथून सोसायटीच्या ग्रुपवर जाते आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या लिखाणाखाली ‘आमच्या अमक्याच्या मुलीचा ब्लॉग, अमुक शाळेत सातवीत आहे’ अशी कमेंट येऊन पडते. मूल टोपणनावानं लिहीत असेल तर त्या एका वाक्यानं सगळं उघडं पडतं. आजी-आजोबांना वाचायचं असेल तर मुलाला विचारा आणि मोबाइलवर उघडून वाचून दाखवा.

तुम्ही स्वतः खाली कमेंट करत असाल तर तुमच्या पूर्ण नावाच्या खात्यावरून ‘बाळा, अभिमान वाटतो’ लिहू नका. त्यात आडनाव दिसतं, नातं कळतं, आणि तुमच्या खात्यावरून तुमचं गाव, नोकरी, घराचे फोटो शोधायला दोन मिनिटं पुरतात. कौतुक समोरासमोर करा.

तिसरी गोष्ट: पोस्ट सुधारून देऊ नका. पालकांनी हात फिरवलेलं लिखाण वाचकाला लगेच ओळखू येतं, कारण बारा वर्षांचं मूल ‘सदर सहलीतून बरेच काही शिकावयास मिळाले’ असं लिहीत नाही. चुका दाखवायच्याच असतील तर मुलानं विचारल्यावर, आणि एका वेळी एकाच प्रकारच्या. आज फक्त अनुस्वार, पुढच्या वेळी फक्त विरामचिन्हं. दहा लाल खुणा एकदम केल्यात तर सुधारणा होत नाही, लिहिणंच थांबतं.

खातं कुणाचं, वय किती

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शांतपणे विचारा: ब्लॉग कुठे आहे आणि कोणत्या ईमेलवर उघडला आहे? मराठी मुलं बहुधा ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम या ब्लॉग काढून देणाऱ्या सेवांवर सुरुवात करतात. ब्लॉगर 1999 पासून आहे, 2003 मध्ये गुगलनं तो विकत घेतला, आणि गुगल खातं असलं की तो फुकट मिळतो. भारतात स्वतःचं गुगल खातं स्वतः सांभाळायला किमान वय 13 लागतं. त्याखालच्या मुलासाठी पालकांनी फॅमिली लिंक या गुगलच्या पालकांसाठीच्या सोयीतून खातं काढून द्यायचं असतं, आणि त्यात बऱ्याच सेवा मर्यादित असतात.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जन्मसाल खोटं टाकणं. अकरा वर्षांच्या मुलाला खातं मिळावं म्हणून वय वीस दाखवलं जातं. मग त्याला प्रौढांच्या जाहिराती आणि प्रौढांच्या सेटिंग्ज लागू होतात. पुढे कधी वयाची शंका आली तर गुगल पुरावा मागतं, आणि तो देता आला नाही तर खात्याबरोबर ब्लॉगही जाऊ शकतो. मूल तेरापेक्षा लहान असेल तर सरळ मार्ग असा: ब्लॉग पालकाच्या नावावर नव्या, वेगळ्या ईमेलवरून उघडायचा, मुलानं शेजारी बसून लिहायचं आणि प्रकाशित करायचं बटण दोघांनी मिळून दाबायचं. बँकेचे मेल येतात तो रोजचा ईमेल यासाठी वापरू नका. शाळेनं दिलेला ईमेलही नको. मुलानं शाळा सोडली की ते खातं बंद होतं आणि त्यातलं लिखाणही जातं.

भारतातला डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 सालचा आहे. त्यात मूल म्हणजे 18 वर्षांखालची व्यक्ती, आणि तिची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवू नयेत असं म्हटलं आहे. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य बंधनं टप्प्याटप्प्यानं लागू व्हायची आहेत. म्हणजे तेरा ते अठरा या वयातल्या मुलांच्या खात्यांवर पुढे पालकांची संमती मागितली जाऊ लागली तर गोंधळून जाऊ नका. ती मागणी मेलमधल्या लिंकवर टिचकी मारून पूर्ण करू नका, थेट खात्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तपासा. अशा निरोपांची नक्कल करणारे मेल येणार हे धरून चाला.

खात्याची सुरक्षितता अर्ध्या तासात उरकते. पासवर्ड दुसरीकडे कुठेही न वापरलेला, निदान चौदा अक्षरांचा असावा. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत जोडले तरी चालतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा. रिकव्हरीसाठी, म्हणजे अडकलेलं खातं परत मिळवण्यासाठी, तुमचा मोबाइल नंबर द्या. गुगल दहा बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. मोबाइल हरवला की हेच कोड कामी येतात, म्हणून ते त्याच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. मूल पंधरा-सोळाचं असेल तर पासवर्ड त्यालाच माहीत असू द्या. तुम्हाला रिकव्हरी नंबर पुरतो.

नाव: इथे मराठीची परंपरा मदतीला येते

मुलाला स्वतःचं नाव झळकावं असं वाटतं आणि पालकांना ते नको असतं. भांडण्यापेक्षा टोपणनाव सुचवा, आणि ते कमीपणाचं नाही हेही सांगा. कृष्णाजी केशव दामले केशवसुत म्हणून लिहीत होते, त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात बालकवी म्हटलं गेलं तेव्हा ते सोळा-सतरा वर्षांचे होते, आणि माणिक गोडघाटे हे नाव आजही अनेकांना ग्रेस म्हटल्यावरच आठवतं. टोपणनाव मुलानंच निवडावं. त्यात जन्मसाल, शाळेचं नाव, गाव, आडनावाचं लघुरूप नको, आणि इन्स्टाग्राम किंवा गेमिंगच्या खात्यावर वापरलेलं नावही नको. तेच नाव दोन ठिकाणी असेल तर एका शोधात दोन्ही जुळतात. नाव ठरल्यावर ते अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधा. दुसरं कुणी त्याच नावानं लिहीत असेल तर बदला.

नुसतं नाव बदलून भागत नाही. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये युजर प्रोफाइल उघडा. तिथे ईमेल दाखवायचा पर्याय बंद आहे ना ते बघा, दाखवायचं नाव टोपणनावच आहे ना ते बघा, आणि चित्राच्या जागी मुलाचा फोटो असेल तर काढून त्यानंच काढलेलं एखादं चित्र लावा. ब्लॉगचा पत्ताही तपासा. मथळ्यात टोपणनाव आणि पत्त्यात पूर्ण नाव असा प्रकार नेहमी आढळतो, कारण पत्ता घाईत पहिल्या दिवशी निवडलेला असतो. सेटिंग्जमधून तो बदलता येतो; जुन्या लिंक तुटतील, पण पाच-दहा पोस्ट असताना त्यानं फारसं बिघडत नाही. दोन वर्षांनी बिघडतं.

ब्लॉगरच्या सेटिंग्ज, क्रमानं

मुलाला शेजारी बसवून, त्याच्याच हातानं करा. मागाहून गुपचूप बदललेली सेटिंग त्याला सापडते आणि मग विश्वास जातो.

परवानग्यांच्या भागात वाचक कोण हे ठरतं. तीन पर्याय आहेत: सगळ्यांसाठी खुला, फक्त लेखकांसाठी, किंवा तुम्ही ईमेलनं बोलावलेल्या वाचकांसाठी. दहा-अकरापर्यंतच्या मुलासाठी तिसरा पर्याय उत्तम. आजोळ, मावशी, दोन मैत्रिणी आणि एक आवडत्या बाई एवढे वाचक पुरतात. प्रत्येक वाचकाला लॉग-इन करावं लागतं आणि ‘उघडतच नाही’ अशी तक्रार येते, कारण लोक दुसऱ्याच गुगल खात्यात शिरलेले असतात. निमंत्रण ज्या ईमेलवर गेलं त्याच खात्यानं उघडा, एवढंच सांगावं लागतं.

गोपनीयतेच्या भागात सर्च इंजिनांना दिसावा की नाही याचं एक बटण आहे. ते बंद केलं तर ब्लॉग खुला राहतो, लिंक असलेला कुणीही वाचतो, पण सर्च इंजिनांना तो न दाखवण्याची सूचना जाते. बारा ते चौदा वयाला हा मधला रस्ता बरा. मात्र याला कुलूप समजू नका. लिंक पुढे गेली की ती गेली.

कमेंटच्या भागात तीन गोष्टी पाहा. कोण कमेंट करू शकतो: ‘कुणीही’ असेल तर निनावी शिवीगाळ आणि जाहिरातींचा कचरा येतो, ‘गुगल खातं असलेले’ निवडा. मॉडरेशन: ‘नेहमी’ निवडा, म्हणजे मंजुरीशिवाय काहीच दिसणार नाही. आणि मंजुरीचा निरोप जाण्यासाठी ईमेल: तिथे तुमचा पत्ता टाका. यानं प्रकाशित होण्याआधी कमेंट तुम्हाला दिसते. मूल मोठं झालं की तिथे त्याचा पत्ता टाका आणि तुमचा काढा.

वर्डप्रेस डॉट कॉमवर नावं वेगळी आहेत, तत्त्व तेच. तिथे ब्लॉग खासगी ठेवता येतो, आणि वापरकर्त्यांच्या पायऱ्या असतात: योगदानकर्ता मसुदा लिहितो पण प्रकाशित करू शकत नाही, लेखक स्वतःचं प्रकाशित करू शकतो. पालकांना पहिला पर्याय मोहक वाटतो. लहान वयात ठीक आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाला प्रत्येक वेळी ‘मंजूर कर ना’ म्हणायला लावलंत तर तो आठवड्याभरात दुसरा ब्लॉग काढेल, तुम्हाला न सांगता.

मराठीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण इथेच सांगून टाकू. ब्लॉगरमध्ये मथळा देवनागरीत असला की पोस्टच्या पत्त्यात तो येत नाही. सगळ्या पोस्टना जवळजवळ सारखाच, नुसता आकडा बदललेला पत्ता मिळतो. नंतर कोणती पोस्ट कोणती ते लिंकवरून ओळखता येत नाही. उपाय: लिहितानाच उजवीकडच्या पट्टीत पर्मालिंक, म्हणजे पोस्टचा पत्ता, उघडा, ‘कस्टम’ निवडा आणि रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द, मध्ये आडवी रेघ देऊन टाका. हे प्रकाशित करण्यापूर्वीच करायचं. आणि मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फाँटात टाइप केलेला असेल, म्हणजे घरातल्या एखाद्या डीटीपीच्या संगणकावर, तर ब्लॉगवर चिकटवल्यावर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. मोबाइलवर गुगलचा जीबोर्ड, संगणकावर देवनागरीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरला की प्रश्न मिटतो. इन्स्क्रिप्ट शिकायला काही दिवस बोटं अडखळतात, पण ज्या मुलाला लिहायचंच आहे त्याला ते आयुष्यभर पुरतं.

फोटो

धोका मजकुरापेक्षा फोटोत जास्त असतो, म्हणून इथे वेळ द्या. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान जतन करण्याचा पर्याय असतो; तो चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दडलेले राहतात. तो बंद करा. आधी काढलेले फोटो वापरायचे असतील तर गॅलरीत फोटोचे तपशील उघडून स्थान काढून टाका, किंवा त्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तोच वापरा. स्क्रीनशॉटमध्ये मूळ फोटोची ही माहिती उतरत नाही.

मग नुसत्या डोळ्यांनी पाहा. गणवेश आणि त्याच्या खिशावरचं बोधचिन्ह, गळ्यातलं ओळखपत्र, दारावरची पाटी, गाडीचा नंबर, खिडकीबाहेरचं दुकानाचं नाव, भिंतीवरचं कॅलेंडर ज्यावर स्थानिक पतपेढीचा पत्ता छापलेला असतो, बक्षिसाचं प्रमाणपत्र ज्यावर पूर्ण नाव, इयत्ता, शाळा तिन्ही एका ओळीत असतात. बक्षिसाची पोस्ट मुलं सगळ्यात आधी टाकतात. प्रमाणपत्राऐवजी जिंकलेल्या चित्राचा किंवा प्रयोगाचा फोटो टाका म्हणावं. वाचकाला रसही त्यातच असतो.

दुसऱ्या मुलांचे फोटो असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय नको. पाठमोरे, हात, सावल्या, बूट असे फोटो काढायला सांगा. पुष्कळ मुलांना यातून फोटोची वेगळी नजर येते.

वेळेचाही एक नियम आहे. ‘उद्यापासून आम्ही पाच दिवस गणपतीला गावी’ हे प्रवासाआधी लिहायचं नाही, परत आल्यावर लिहायचं. ‘मंगळवार-गुरुवारी साडेसहाला क्लासहून एकटी सायकलवर येते’ अशी वाक्यं तर कधीच नाही. मूल हे सहज, वातावरणनिर्मितीसाठी लिहितं. क्लास राहू द्या, दिवस आणि वेळ काढा.

कुणाबद्दल लिहिलं

शाळेवर टीका आली की पालक घाबरतात. 2012 मध्ये स्कॉटलंडमधली नऊ वर्षांची मार्था पेन शाळेतल्या जेवणाचे फोटो टाकून त्याबद्दल ब्लॉगवर लिहायची. वडिलांनी तिला ब्लॉग सुरू करून दिला होता आणि सुरुवातीला ती ‘वेज’ या टोपणनावानं लिहायची. तिनं मोजमापाची ठरलेली चौकट बनवली होती: दहापैकी गुण, किती घास, आरोग्याचा अंदाज, किंमत, आणि ताटात किती केस सापडले. जून महिन्यात एका वृत्तपत्रानं स्वयंपाक करणाऱ्या बायकांनाच काढून टाका अशा थाटाचा मथळा दिला, आणि अर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलनं तिला शाळेत फोटो काढायला बंदी केली. जगभरातून आरडाओरडा झाल्यावर बंदी दुसऱ्याच दिवशी उठली. या प्रसंगात पालकांनी पाहण्यासारखं हे की मुलीनं कुठल्याही माणसाचं नाव घेतलं नव्हतं; ती ताटाबद्दल लिहीत होती. भडका उडाला तो बाहेरच्या मथळ्यानं, आणि तिच्या मजकुरात माघार घ्यावी असं काही नसल्यामुळे तिला तो मजकूर बदलावा लागला नाही.

घरी हाच नियम ठेवा. गोष्टीबद्दल, अनुभवाबद्दल कितीही कडक लिहावं. माणसाचं नाव घेऊन, किंवा ओळखू येईल असं वर्णन करून, आरोप नको. ‘आमच्या वर्गातल्या पंख्यांपैकी दोनच चालतात’ चालेल. ‘गणिताच्या अमुक सर पैसे घेऊन मार्क देतात’ चालणार नाही, खरं असलं तरी ब्लॉग ही त्याची जागा नाही. त्यासाठी तुम्ही शाळेत जायचं. बदनामी हा भारतीय न्याय संहितेतही गुन्हा आहे, आणि मुलाच्या पोस्टवरून पहिला फोन तुम्हालाच येणार.

घराबद्दल लिहिलं असेल तर? आईबाबांचं भांडण, आजोबांचं आजारपण, दादाचे दहावीचे मार्क. इथे ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला आधी दाखवायचं असा घरगुती करार करा, आणि तो तुम्हालाही लागू करा. तुम्ही स्वतःच्या फेसबुकवर मुलाचे न्हाण्याचे फोटो, रडतानाचे व्हिडिओ टाकता तेव्हा त्याला विचारता का? नसाल तर या करारावर तुमची बाजू लंगडी आहे.

उचललेला मजकूर

शाळेतल्या प्रकल्पांची सवय अशी की इंटरनेटवरून उतरवणं म्हणजे ‘माहिती मिळवणं’. ब्लॉगवर तेच केलं तर स्वामित्वहक्काचा भंग होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. केशवसुत 1905 मध्ये आणि बालकवी 1918 मध्ये गेले, त्यांच्या कविता पूर्ण देता येतात. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले, म्हणजे 2059 संपेपर्यंत त्यांची अख्खी कविता परवानगीशिवाय चिकटवायची नाही. तिच्याबद्दल लिहिताना दोन-चार ओळी देऊन कवीचं नाव लिहावं. चित्रांसाठी विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहात शोधा आणि प्रत्येक चित्राखालची परवान्याची अट वाचा. बहुतेकांत काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. गुगल इमेजेस हे फक्त शोधायचं साधन आहे, तिथे दिसलेलं सगळं फुकट नसतं. मुलानं स्वतः लिहिलेल्या मजकुराचा हक्क मात्र मुलाचाच, वय कितीही असो. कुणी त्याची पोस्ट उचलून आपल्या नावावर टाकली तर तक्रार करता येते, म्हणून मूळ मसुदे जपा.

यंत्राकडून (एआयकडून) लिहून घेतलेल्या पोस्टबद्दल रागावण्याऐवजी एकच विचारा: यातलं तू स्वतः पाहिलेलं काय आहे? उत्तर आलं नाही की मुलाला स्वतःलाच कळतं.

कमेंट आल्या की

पहिल्या महिन्यात बहुधा एकही येत नाही, आणि मूल रोज दहादा आकडे बघतं. वाचकसंख्येत तुमच्या घरातल्याच मोबाइलवरून झालेल्या भेटी आणि शोधयंत्रांच्या यांत्रिक भेटी मिसळलेल्या असतात हे सांगा. अचानक एका दिवशी कुठल्यातरी दूरच्या देशातून तीनशे वाचक दिसले तर ते बहुधा यंत्रच असतं. ब्लॉगरमध्ये स्वतःच्या भेटी न मोजण्याचा पर्याय आकडेवारीच्या पानावर आहे, तो चालू करा.

‘सुंदर लेख, माझ्याही साइटला भेट द्या’ हा कचरा. स्पॅम म्हणून नोंदवा, उत्तर नको. शिवी किंवा टवाळी आली तर मंजूर करू नका. खरी टीका, म्हणजे ‘तू लिहिलेलं शिवनेरीचं वर्णन चुकलंय, पायऱ्या दुसऱ्या बाजूनं आहेत’, ही मंजूर करायची आणि पोस्ट दुरुस्त करून आभार मानायचे.

चौथा प्रकार गोड बोलणाऱ्यांचा, आणि तोच पालकांच्या नजरेतून निसटतो. कौतुक करणारा प्रौढ प्रत्येक पोस्टवर येतो, मग वय विचारतो, मग ‘इथे नको, व्हॉट्सॲप नंबर दे’ किंवा ‘तुझं पुस्तक छापू, फोटो पाठव’ म्हणतो, आणि ‘आईबाबांना इतक्यात सांगू नकोस’ असं सुचवतो. संभाषण ब्लॉगबाहेर नेण्याची मागणी हीच खूण. मुलाला आधीच सांगून ठेवा: असं काही आलं आणि तू दाखवलंस तर मोबाइल काढून घेतला जाणार नाही, ब्लॉग बंद होणार नाही. हे वचन पाळावं लागतं. मुलं असे निरोप लपवतात ते बहुतेक वेळा मोबाइल जाईल या भीतीनं.

असा निरोप आलाच तर पुसण्याची घाई करू नका. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं खातं दिसू द्या. पोस्टचा पूर्ण पत्ता वेगळा लिहून ठेवा. मग त्या खात्याची तक्रार करा, ब्लॉक करा. धमकी, लैंगिक बोलणं किंवा फोटोची मागणी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधी वेगळा विभाग आहे, तिथे तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पैशांची फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन 1930, मुलाला तातडीची मदत हवी असेल तर चाइल्ड हेल्पलाइन 1098. तुम्ही मुलाच्या नावानं त्या माणसाशी बोलून त्याला ‘पकडायला’ जाऊ नका. पुरावा बिघडतो आणि तो सावध होतो.

लपवलेला ब्लॉग सापडला तर

पंधरा वर्षांच्या मुलीचा ब्लॉग अपघातानं दिसला. पालक रात्री बसून सगळा वाचतात आणि सकाळी त्यातलं वाक्य ऐकवतात. असं करू नका. दोन-तीन पोस्ट वाचा, एवढंच पाहण्यासाठी की ओळख उघडी पडते आहे का आणि ती स्वतः धोक्यात आहे का. मग सरळ सांगा: ‘तुझा ब्लॉग मला दिसला. मी दोन पोस्ट वाचल्या, पुढे तुझ्या परवानगीशिवाय वाचणार नाही. पण त्यात क्लासचं नाव आहे, ते काढ.’ टीका तुमच्यावरच असेल तर ती गिळा. निदान आठवडाभर त्यावर बोलू नका.

अपवाद एकच. जगणं नको झाल्याचा, स्वतःला इजा केल्याचा किंवा कुणाच्या त्रासाचा उल्लेख असेल तर खासगीपणाचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बोला, रागावून नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि पालकही सल्ल्यासाठी फोन करू शकतात.

पैसे, आणि लिहिणं थांबलं तर

जाहिरातींतून पैसे मिळतात हे मुलाला कुठूनतरी कळतंच. ब्लॉगवर जाहिराती लावून देणाऱ्या गुगल ॲडसेन्ससाठी वय 18 लागतं. त्याखालच्या मुलासाठी पालकानं स्वतःच्या नावानं खातं काढायचं असतं, आणि साधारण शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे निघत नाहीत. शाळकरी ब्लॉगला तिथवर पोचायला वर्षानुवर्षं लागू शकतात, शिवाय जाहिराती कुठल्या दिसतील यावर तुमचा पूर्ण ताबा नसतो. पहिली दोन वर्षं हा विषय नकोच. कुणी ‘आमच्या वस्तूबद्दल लिही, पैसे देतो’ म्हणालं तर सगळा व्यवहार तुमच्याशी व्हावा, कारण भारतात अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाशी केलेला करार कायद्यानं टिकत नाही. स्वतःच्या कौशल्यानं मुलानं कमावलेलं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, पण रक्कम खरंच मोठी असेल तेव्हा करसल्लागाराला विचारा. स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा वेबपत्ता, घ्यायलाही थांबा. नोंदणीला तुमचा खरा पत्ता द्यावा लागतो, पहिल्या वर्षीची स्वस्ताई दुसऱ्या वर्षी राहत नाही, आणि नूतनीकरण विसरलं की पत्ता दुसऱ्याच्या हाती जातो.

सहा-सात पोस्टनंतर ब्लॉग थंडावतो. परीक्षा येते, कंटाळा येतो, मैत्रिणीनं चेष्टा केलेली असते. ‘सुरू केलंस तर पूर्ण कर’ हे ब्लॉगला लावू नका. तीन महिने नवीन काही आलं नाही तर मुलाला विचारून दोन गोष्टी करा: सेटिंग्जमधून मजकुराचा बॅकअप उतरवून घ्या, आणि वाचक ‘फक्त लेखक’ करून ठेवा. बॅकअपच्या फाइलमध्ये पोस्ट आणि कमेंट येतात, फोटो वेगळे जपावे लागतात. पुसायची घाई नको. दोन वर्षं कुणी शिरलंच नाही तर गुगल निष्क्रिय खातं काढून टाकू शकतं, म्हणून दर दिवाळीला एकदा लॉग-इन करा. एकदा खुली राहिलेली पोस्ट पुसली तरी इंटरनेटवरच्या संग्रहांत किंवा कुणाच्या स्क्रीनशॉटमध्ये उरू शकते, हे मात्र पहिल्याच आठवड्यात मुलाला सांगून ठेवलेलं बरं.

ब्लॉग तुमच्या नावाच्या खात्यावर असेल तर मूल मोठं झाल्यावर तो सोपवावा लागतो. परवानग्यांमध्ये जाऊन मुलाच्या स्वतःच्या ईमेलला लेखक म्हणून निमंत्रण पाठवा, त्यानं ते स्वीकारल्यावर यादीत त्याला लेखकाऐवजी ॲडमिन करा, त्याच्या खात्यातून शिरून एखादी जुनी पोस्ट बदलून पाहा आणि मगच स्वतःला यादीतून काढा. क्रम उलटा करू नका. तुमचं जुनं खातं लगेच बंद करू नका. फोटो त्या खात्यातून चढवलेले असतात. मॉडरेशनच्या ईमेलच्या जागी तुमचाच पत्ता राहिला असेल, तोही काढा.